तळ्याचा काठ आणि आईचा हात

२ मार्च

ती. दादास, धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

तुझी बहीण तोंडावर आपटली आहे. आपल्या वसाहतीतलं तळं सुधारायचं काम मला मिळालं, तर त्याची सिमेंटची भिंत फोडून मी मातीचा उतरता काठ केला, रोपं लावली. निम्मी कुजली, पाणी हिरवं झालं, लोक नाक दाबून जातात. सप्टेंबरात रहिवाशांची सभा आहे. काठ ठेवायचा की पुन्हा भिंत बांधायची, ते हात वर करून ठरेल. आणि विरोधकांची पुढारी कोण? आपली मातोश्री! घरोघरी फिरून माणसं फितवतेय. मला जेवायला वाढते आणि वर म्हणते, तुझ्या डबक्यापायी खिडकी उघडता येत नाही.

हे काम गेलं तर मला पुन्हा दुसरं तळं कोण देईल? नकाशा पाठवतेय. तुझं आयुष्य रोपवाटिकेत गेलं, काय चुकलं ते सांग. रागव हवं तर, पण लिही.

तुझी,
धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

नकाशा बघून कपाळावर हात मारला. पाण्यातल्या धक्क्यावर बाक ठेवलंस आणि तिथून छान दिसावं म्हणून बुटकी रोपं पुढे, उंच मागे! अगं, लग्नातला फोटो काढायचाय का? बुटकी खोल पाण्यात बुडून कुजली, त्यांनीच पाणी नासलं, आणि उंच पाणकणसं काठावर तहानेने वाळली. पाणकणसं आत ने, बुटकी उथळात आण. रोपांना त्यांची जागा दे आणि बाक उचलून काठावर ठेव. माणसाला बूड कुठेही टेकता येतं.

आईशी भांडू नकोस. ती हट्टी आहे, आंधळी नाही.

माया आहेच, ती तशीच राहू दे.
दादा

२० सप्टेंबर

चि. मोठ्यास, अनेक आशीर्वाद.

तुझी बहीण उन्हाळाभर गुडघाभर चिखलात होती. एकेक रोप हलवलं बाईने. आता वास नाही, तळाचे मासे दिसतात, आणि पाणकोंबडी पिल्लं घेऊन माझ्या खिडकीखालून मिरवते.

काल सभा झाली. मीच पुढारी, म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी उठले आणि म्हटलं, भिंत नको, काठ राहू दे. एकच गलका! शेजारचे मास्तर म्हणाले, शेवटी पोटच्या पोरीची बाजू घेतलीत. मी त्यांना सुनावलं की पोरीच्या विरोधात गावभर बोलताना भ्यायले नाही, तर आता बाजूने बोलायला का भिऊ? मग मीच पहिला हात वर केला. बघता बघता सगळे हात वर, मास्तरांचासुद्धा.

धाकटी चिखलाचे बूट घालून मधोमध उभी राहिली आणि भोकाड पसरून रडली. तिला गप्प करायला गेले, तर मलाच रडू आवरेना. पण रडता रडता सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, ही माझी मुलगी आहे म्हणून.

जीव लावतोस, तसाच लावत जा.
तुझी आई