नंदेसरीतला पूर्वपक्ष

६ जानेवारी १९९८, मंगळवार

माझ्या डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक आहे ही गोष्ट काल संध्याकाळपर्यंत फक्त मला आणि बायकोला, सुहासिनीला, ठाऊक होती. आज ती सबंध कंपनीला ठाऊक आहे. कारण — संगणक. त्याच्या खोलीत एसी, खाली गालिचा आणि दारावर पाटी: पादत्राणे बाहेर काढावीत. नंदेसरीतल्या, कापडाचे रंग करणाऱ्या या कारखान्यात आम्ही माणसं इतकी वर्षं घाम गाळतोय, आमचा कुरकुरणारा पंखा कुणी बदलला नाही. हा परवा आला आणि थेट गाभाऱ्यात बसला. मी अंगठा उघडा टाकून त्याचं दर्शन घेतलं.

दर्शनाचं प्रयोजन असं की पत्रव्यवहार विभागाला, म्हणजे मला, आता ई-मेल मिळाली आहे. परदेशी गिऱ्हाइकांची पत्रं आजवर टपालाने नि फॅक्सने यायची. मी त्यांना गोड इंग्रजीत उत्तरं लिहायचो, खाली सही कुणातरी साहेबाची. आता हेच सगळं टेलिफोनच्या तारेतून. यंत्र आधी भरपूर किंचाळतं, मग पत्र देतं. काही साहेबांचीही हीच पद्धत असल्याने मला जड जाणार नाही.

घरी सुहासिनीसमोर मोजा ठेवला. "शिवू कुठे? भोकाभोवती मोजा उरलाय कुठे?" म्हणाली.

९ जानेवारी

आमचे मालक शेठजी, त्यांचे चिरंजीव धनेशभाई मुंबईहून व्यवस्थापन शिकून आलेत. आज सगळ्यांना बोलावून म्हणाले, यापुढे दर शनिवारी सर्व विभागांची बैठक — नॉलेज शेअरिंग. ज्याला जे माहीत आहे ते त्याने इतरांना सांगायचं. त्यातून नवा माल, नवा धंदा. "पद्माकरभाई, तमे संभाळजो." मी सांभाळायचं, कारण माझं संस्कृत पाठशाळेतलं शिक्षण ज्ञानाच्या सगळ्यात जवळचं आहे असा त्यांचा समज. मी फलकावर 'ज्ञानवाटप' असं लिहिलं. शिपाई विचारून गेला, किती वाजता वाटणार, आणि सोबत चहा आहे का.

घाईचं कारण हॉलंड. तिथलं आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कळवतंय की तुमचा रंग फार धुळीसारखा उडतो. त्यांनी रंग मोजून घेणारं स्वयंचलित यंत्र बसवलंय, ते आमच्या भुकटीने बंद पडतं. मार्चअखेर सुधारा, नाहीतर आम्ही दुसरीकडून घेऊ.

१० जानेवारी, शनिवार

पहिलं ज्ञानवाटप. विक्रीवाल्यांनी धुळीची तक्रार मांडली. मल्हारराव — आमचे उत्पादन मॅनेजर, आजोबा बडोद्याच्या सरकारवाड्यात, राजदरबारी, मोठ्या हुद्द्यावर, त्यामुळे मिशा वंशपरंपरागत — म्हणाले, "रंग म्हटला की उडणारच. आमच्याकडे कधी कुणाची तक्रार नाही." खरेदीवाले म्हणाले, "बराबर." लेखापाल म्हणाले, "पाहू." सगळे एकमेकांशी इतक्या अदबीने वागले की कुणाला काही कळायची भीतीच राहिली नाही. चहा मात्र चांगला होता.

१४ जानेवारी

उत्तरायण. सारं बडोदे गच्चीवर. गोत्रीतल्या आमच्या सोसायटीत आमच्या लेकीने, अवंतीने, समोरच्यांचे पतंग असे कापले की आता भाजी उसनी मागायची सोय राहिली नाही.

१९ जानेवारी

अवंतीविषयी या वहीत लिहायचं टाळत होतो, पण आता टळत नाही. आमची ही एकुलती एक. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि ऑक्टोबरपासून आमच्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे, तात्पुरती. मार्चअखेर ठेवायचं की नाही ते ठरणार. कंपनीच्या बसमध्ये ती पुढे बसते, मी मागे. ऑफिसात मला 'सर' म्हणते. मीही तिला 'मिस' म्हणालो असतो, पण हसू आलं असतं.

तर हॉलंडच्या पत्रांचं मी एक केलं. आजवर अशी पत्रं मल्हाररावांकडे जायची आणि 'नोंद घेतली' असा शेरा घेऊन परत यायची. या वेळी मी ई-मेलची एक प्रत प्रयोगशाळेतही दिली. अवंतीने हॉलंडच्या रसायनतज्ज्ञाला विचारलं, तुम्ही धूळ मोजता कशी? त्या भल्या माणसाने दुसऱ्याच दिवशी सगळी रीत पाठवली. टपालाने यायला तीन आठवडे लागले असते, आणि तो शब्द जपून वापरत बसला असता. ई-मेलमध्ये माणूस बोलल्यासारखं लिहितो.

तिने रीत करून पाहिली, मग उपायही काढला. सुकवलेली भुकटी मिसळताना तिच्यावर पाण्यात घुसळून एकजीव केलेलं विशिष्ट तेल अगदी बारीक फवारायचं. कण जड होतात, खाली बसतात. मल्हाररावांकडे गेली. ते म्हणाले, "पाहू बेटा."

कंपनीत 'पाहू'चा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. तिलाही कळला. बसमधून उतरल्यावर म्हणाली, "बाबा, मला नुसती नळकांडी धुवायला ठेवायचं असेल तर मार्चनंतर मीच थांबणार नाही."

मी तिच्यासाठी बोलू शकत नाही. बाप बोलला की वशिला झाला.

२४ जानेवारी

आज बैठकीत फक्त 'पाहू' झालं. मी मोजत नव्हतो, पण कंटाळा आला इतकं कळलं.

परतताना बसमध्ये पाठशाळा आठवली. आमचे शास्त्रीबोवा वादात एक नियम कडक पाळून घेत. समोरच्याचं खंडन करायचं आहे? जरूर कर. पण आधी त्याचं म्हणणं तू मांड — पूर्वपक्ष — आणि इतकं नीट मांड की तो म्हणाला पाहिजे, हो, मला हेच म्हणायचंय. तो मान हलवत नाही तोवर तुझं तोंड बंद. कित्येकदा पूर्वपक्ष मांडता मांडताच आमचं खंडन जिरून जायचं.

हे बैठकीला लावलं तर? मल्हाररावांना अवंतीचं म्हणणं स्वतःच्या तोंडाने मांडावं लागेल. म्हणजे आधी ऐकावं लागेल.

हेतू शुद्ध नाही हे मला माहीत आहे. वहीला सांगायला हरकत नाही.

२७ जानेवारी

धनेशभाईंना पूर्वपक्ष सांगितला. "आ तो जोरदार छे!" म्हणाले. विचारलं, हे अमेरिकेतलं का? मी म्हटलं, त्याच्याही थोडं पलीकडचं.

३१ जानेवारी, शनिवार

नियम लागू. विक्रीवाल्यांचा पूर्वपक्ष खरेदीवाल्यांनी मांडायचा होता. "यांचं म्हणणं असं की हे वाटेल ते कबूल करून येणार आणि कच्चा माल आम्ही आभाळातून आणायचा." विक्रीवाल्यांनी मान हलवली नाही. दुसऱ्यांदा मांडला, हलवली नाही. तिसऱ्या वेळी खरेदीवाल्यांनी चक्क विचारलं, "अच्छा, पण तुम्हाला ऑर्डर कधी कळते?" आणि निघालं असं की ऑर्डर विक्रीवाल्यांना कळते त्याच्या बऱ्याच नंतर कागद खरेदीवाल्यांच्या टेबलावर पोचतो. दोन्ही टेबलं शेजारी आहेत.

आता ऑर्डर आली की त्याच क्षणी दोघांना संगणकाच्या पडद्यावर दिसेल, असं ठरलं. संगणकाबद्दल माझं मत किंचित सुधारलं. पाटीबद्दल नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज अवंती. फवारणीची योजना तिने मांडली. आवाज नीट होता, हात मात्र टेबलाखाली होते. मी फलकाकडे बघत राहिलो.

मल्हारराव उभे राहिले. "बाईंचं म्हणणं असं की रंगात तेल ओतावं आणि देवाचं नाव घ्यावं." हशा.

"नाही सर," अवंती म्हणाली.

"तेलाने कापडावर डाग पडतील हे बाईंच्या लक्षात नाही."

"सर, ते खंडन झालं. आधी पूर्वपक्ष," ती म्हणाली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मोज्यांकडे.

मल्हारराव चिडले नाहीत, हे त्यांच्या बाजूने लिहिलं पाहिजे. खाली बसले. तिला विचारलं, डाग का पडणार नाहीत? ती म्हणाली, हे तेल रंगाच्या उकळत्या पाण्यात मिसळून धुऊन जातं, मी कापडावर करून पाहिलंय. कापड दाखवलं. ते खिडकीशी नेऊन त्यांनी उलटसुलट पाहिलं. मग म्हणाले, "चला." सगळी बैठक उठून मिश्रणयंत्रापाशी गेली. तिथे त्यांनी झाकण उघडून आत वाकून पाहिलं. मग बोलायला लागले — फवारा वरून नको, बाजूने हवा. भुकटी उलटते तिथे. एकदम नको, टप्प्याटप्प्याने. बाजूचा फवारा तिला सुचला नव्हता. तिचे डोळे चमकले. तिने मान हलवली, दोनदा.

"चला, आता खंडन," धनेशभाई म्हणाले.

"खंडन कशाचं?" मल्हारराव म्हणाले. "मीच म्हणतोय ना हे."

सगळे हसले. मीही.

घरी सुहासिनीने गोड केलं. अवंती जेवताना फवाऱ्याची दिशा वरणात चमचा फिरवून दाखवत होती.

२१ फेब्रुवारी

चाचणी जमली. नळीतून भुकटी ओतली, खाली ठेवलेला पांढरा कागद पांढराच. भुकटी भरणाऱ्या मंडळींनी नाकाचे रुमाल सोडून बघितलं. नमुने विमानाने हॉलंडला.

मल्हारराव रोज दोनदा प्रयोगशाळेत येतात. अवंतीला म्हणतात, "बघ, मी म्हणत होतो ना?" ती म्हणते, "हो सर."

९ मार्च

हॉलंडची ई-मेल. यंत्र चालतंय, बंद पडत नाही. पुढल्या वर्षाची ऑर्डर पक्की, आणि हाच माल आणखी दोन रंगांत मिळेल का? मी मोजे न बघता पळत गेलो.

१३ मार्च

धुळेटी, म्हणजे आपली धुळवड. रंगाच्या कारखान्यातली माणसं आज घराबाहेर पडत नाहीत. आमचं रोज असतं.

१६ मार्च

विशेष बैठक, पेढे. धनेशभाईंनी भाषण केलं: ज्ञान वाटलं, तंत्र आलं, नवा माल निघाला. "आणि या सगळ्यामागे आपल्या मल्हाररावांची आयडिया." टाळ्या. मल्हाररावांनी मिशीला हात लावला. माणूस खोटा नाही. त्यांना मनापासून तसंच वाटतंय. पूर्वपक्ष इतका नीट मांडला की तो त्यांचाच झाला. शास्त्रीबोवांच्या नियमात ही सोय कुठे होती ते मला आठवेना.

मग मल्हारराव म्हणाले, "प्रयोगशाळेतली ती मुलगी हुशार आहे हं. सांगितलेलं पटकन समजतं. तिला कायम करा." धनेशभाईंनी लगेच होकार दिला. अवंती कायम झाली.

बैठकीनंतर मला काम मिळालं: हॉलंडला आभाराचं पत्र. 'आमचे श्री. मल्हारराव यांनी विकसित केलेल्या पद्धतीनुसार…' सही धनेशभाईंची.

सुहासिनी ऐकून पेटली. "तुम्ही तिथे बसून होतात ना? मग?" मी म्हटलं, बाप आहे ना मी. "म्हणूनच विचारतेय," म्हणाली, आणि कुकर गॅसवर आदळला.

१८ मार्च

पत्राचा मसुदा तसाच आहे. संध्याकाळी अवंतीबरोबर खंडेराव मार्केटला गेलो. ती वालपापडी निवडत होती. म्हटलं, "पत्रात तुझं नाव घालतो. धनेशभाईंना मी स्वतः सांगेन. वशिला म्हणोत."

"राहू दे ना बाबा."

"का?"

"काम झालं ना? धूळ उडत नाही. मी कायम झाले. मल्हाररावसरांना वाईट कशाला वाटू द्यायचं? आणि बाजूचा फवारा त्यांचाच होता." मग भाजीवालीला, "बेन, जरा ताजी आपो ने." मग हसून मला, "मलाच त्यांचा पूर्वपक्ष जमायला लागलाय, तुमच्या नियमाचा गुण."

छान बोलली. मीही हसलो. पिशवी मी घेतली.

१९ मार्च

पत्र गेलं. नाव घातलं नाही.

अन्याय झाला, त्याचं मला तितकं वाटत नाही. कंपन्यांत होतो. पण काल ती हसून 'राहू दे' म्हणाली, तो आवाज माझा होता. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सहीची पत्रं लिहून, वर विनोद करून, मी तोच आवाज कमावलाय. मुलगी चोविसाव्या वर्षी त्यात बोलतेय. याची मला भीती वाटते.