टाकीवरचं हिरवं ठिगळ

तीर्थरूप मामांच्या चरणी (नव्या गुडघ्याला धक्का न लावता) साष्टांग नमस्कार.

ताईकडे तुमची बडदास्त नीट चालली असेल आणि डॉक्टरांनी तुम्हाला रागवायला मनाई केली असेल, अशी आशा करतो. कारण तुमच्या चेनसॉची तेलाची टाकी तडकली. (आपोआप नाही. अंगणात पडलेली फांदी कापायला मी चेनसॉ न विचारता नेली, कठड्यावर ठेवली आणि ती पायरीवर आपटली.) जिला तुम्ही जावयालाही हात लावू देत नाही, तिचं तेल माझ्या चपलांवर गळू लागलं, तेव्हाच तुमच्या हत्यारांच्या शेडचं दार मला कायमचं बंद झालं हे मी समजून चुकलो.

आधी भेगेला डिंकापासून सिमेंटपर्यंत सगळं फासून पाहिलं. तेलकट प्लास्टिक कशालाच दाद देईना. शेवटी प्लास्टिकची पिंपं सांधणाऱ्या बाईंकडे गेलो आणि मामा, मी अवाक झालो. त्यांनी टाकी साबणाने तीनदा धुतली, भेगेच्या दोन्ही टोकांना सुईएवढी भोकं पाडली (म्हणजे भेग पुढे पळत नाही), आणि त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी तापल्या सळईने तिच्यात अशी जिरवली, की मी श्वास घ्यायचा विसरलो.

पण खरी गंमत पुढेच. धुताना टाकीच्या बुडाशी एक जुनं हिरवं ठिगळ निघालं होतं. बाई कुणाचं कौतुक करणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी चष्मा पुसला, ठिगळावरून नख फिरवलं, ते कुठेच अडलं नाही. म्हणाल्या, "हा हात कुणाचा? मला असं जमायला अजून दहा वर्षं लागतील."

मामा, "माझ्या हातून हिला ओरखडासुद्धा नाही" हे तुमच्या तोंडून ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. खरं तर मला हसू यायला हवं होतं, पण ऊर भरून आला. एवढं देखणं काम, आणि तुम्ही ते बुडाशी लपवून ठेवलंत.

आता टाकी थेंबभरही गळत नाही.

आपला आज्ञाधारक (यापुढे)
भाचा

ता. क. – राग गिळून एवढं करा, असं ठिगळ लावायला मला शिकवा. शेडच्या बाहेर बसून शिकेन. मामीला मी चकार शब्द सांगितलेला नाही.

ता. क. दुसरा – पाकिटावर पत्ता घालायला मी हे पत्र मामीकडे दिलं (काय म्हणावं माझ्या अकलेला), तिने ते वाचलं. ते हिरवं प्लास्टिक तिच्या डब्याचं झाकण होतं. ते थोरल्या मामीनेच नेलं असं समजून ती चौदा वर्षं तिच्याशी बोललेली नाही. आत्ताच मामी टाकी काखोटीला मारून थोरल्या मामीकडे गेली. जाताना म्हणाली, "त्यांना लिही, आम्ही दोघी वाट बघतोय."