प्रुइटचे गुडघे

प्रिय ड्वेन,

‘प्रिय’ वाचून हुरळू नकोस. शाळेत सिस्टर हिल्डगार्डनी पत्राची दुसरी कुठली सुरुवात आम्हाला शिकवलीच नाही.

मार्चमधला तो शुक्रवार तुला आठवत नसणार. ईस्टरआधीचे उपास चालू होते, म्हणून मी ओट्याशी बटाटे सोलत होते आणि तू जेवायच्या टेबलाशी बसून नखं कापत होतास, पंधरा वर्षं नको म्हणून सांगत असतानाही. रेडिओवर बातमी आली की आपल्या फुटबॉल संघानं, हॅमर्सनी, टेड हॅलोरन पायलट्सच्या संघाला देऊन टाकला. आठ वर्षं आपला क्वार्टरबॅक, सगळा हल्ला चालवणारा, मोडलेल्या बरगडीनिशी बर्फात उभा राहून चेंडू फेकणारा टेड. बदल्यात काय, तर नव्या खेळाडूंच्या निवडीत पायलट्सच्या पाळीला आपण खेळाडू उचलायचे दोन हक्क. म्हणजे अजून कॉलेजात असलेली, नावंही माहीत नसलेली दोन पोरं. माझी सुरी थांबली. तू म्हणालास, “बरं झालं. चौतिशीचा झालाय, गुडघे गेलेत. कुणी घेतंय तोवर द्यावा.” मी म्हटलं, “माणूस आहे तो, जुनी मोटार नाही.” त्यावर तू हसलास. “मार्सेला, तुझ्या हातात संघ दिला तर सगळे म्हातारे सांभाळत बसशील.” जुलैत तू क्रिस्टाकडे राहायला गेलास. ती सव्वीस वर्षांची, मी एक्केचाळीस. तेव्हा कळलं की त्या शुक्रवारी स्वयंपाकघरात तू एकट्या टेडबद्दल बोलत नव्हतास.

घर विकलं, मोटार तू नेलीस, कुत्रा मेला. भांडण उरलं ते स्टेडियममधल्या कायम राखीव दोन खुर्च्यांचं. त्या माझ्या बाबांच्या. कारखान्यातली रात्रपाळी करून, तसेच थंडीत रांगेत उभे राहून त्यांनी मिळवलेल्या. आणि तू वकिलासमोर निर्लज्जपणे म्हणालास की फुटबॉल कळतो तो मला, हिला नुसतं टेडचं कौतुक. वकिलानं वैतागून एकेक वाटून दिली. तेरा नंबर तुला, चौदा मला. बाहेर पायऱ्यांवर मीच तुला आव्हान दिलं. टेडचा सौदा कुठल्या संघानं जिंकला ते ठरू दे, चुकेल त्यानं आपली खुर्ची दुसऱ्याला द्यायची. एकच अट घातली. सौद्यातून आलेला शेवटचा माणूस खेळ सोडून बूट काढून ठेवत नाही तोवर निकाल नाही. तू सामन्याच्या कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीमागे ते लिहून सही केलीस आणि वर म्हणालास, “मोजायचं काम तूच कर. तुला खोटं बोलता येत नाही. नन्सनी तुला कायमची बिघडवून ठेवलीय.”

म्हणून तेवीस वर्षं मी तुझ्या शेजारी बसले. तू शेंगदाण्यांची टरफलं माझ्या बुटांवर टाकलीस. एका वाक्याच्या वर बोलला नाहीस, आणि ते वाक्यही बहुतेक वेळा “सरक” एवढंच. मागच्या रांगेतला स्टॅन वॉयचिक नव्या माणसांना आपली ओळख करून द्यायचा, “हे दोघं घटस्फोटित आहेत, मधे हात घालू नका, चावतात.” पहिल्या विजेतेपदाच्या दिवशी शेवटची शिट्टी झाली आणि तू मला मिठी मारलीस. मग दचकून मागे झालास आणि म्हणालास, “सॉरी. सवय.” तू आजवर मला जे काही बोललास त्यात या एका शब्दाची मला सगळ्यात जास्त चीड आहे.

आता निकाल. टेड पायलट्सकडून अकरा सामने खेळला, मग गुडघा गेला. टीव्हीवर रडला बिचारा. पायलट्सच्या हाती दुसरं काही लागलं नाही. आपल्याला पहिल्या हक्कातून गेन्स मिळाला. नऊ वर्षं त्यानं बचावफळी उभी धरली आणि दोन विजेतेपदं आणली. दुसऱ्या हक्कातला पोरगा आपण दहा-अकरा वर्षांनी दुसऱ्या संघाला दिला, त्या बदल्यात मिळालेल्या हक्कावर लेम्युएल प्रुइट आला. बारा वर्षं क्वार्टरबॅकच्या पुढ्यात उभं राहून धक्के खाणारा, ज्याचं नाव समालोचकसुद्धा घेत नाहीत असा. मी कितीही वेळा, कसंही तपासलं तरी उत्तर एकच येतं. सौदा हॅमर्सनी जिंकला. तुझं बरोबर होतं, माझं चूक. एवढं लिहायला मला तीन कागद फाडावे लागले. पण हे टेडपुरतं. तोच हिशेब तू माझ्यावर चालवलास, त्याचा निकाल मी दिलेला नाही, आणि तू तो मागायचाही नाहीस.

मंगळवारी पेपरात खाली कोपऱ्यात चार ओळी होत्या. प्रुइट निवृत्त. तू वाचल्या नसशील. टेडच्या सौद्याची ती दोरी त्याच्यापर्यंत पोचते हे तुझ्या लक्षातही नसेल, तू तर चौथ्याच वर्षी जिंकल्याच्या पार्ट्या देऊन मोकळा झालास. मी गप्प बसले असते तर खुर्ची राहिली असती. गप्प बसणं आणि खोटं बोलणं यात फरक नाही असं सिस्टर हिल्डगार्ड म्हणायच्या, मंगळवारपासून त्यांच्याशी मनातल्या मनात भांडतेय. भांडायचं खरं कारण आता सांगूनच टाकते. दर ऑगस्टला संघ निवडायच्या आधी मी चर्चमध्ये प्रुइटच्या गुडघ्यांसाठी मेणबत्ती लावत आले. फादरनी विचारलं, नात्यातला का? मी हो म्हटलं, आणि पुढच्या शनिवारी त्यांच्याचकडे जाऊन ते पाप कबूल केलं. तो उभा होता तोवर निकाल नव्हता, आणि निकाल नव्हता तोवर रविवारी मला तुझ्या शेजारी बसायला कारण होतं. आता तो घरी गेला. चौदा नंबरच्या कागदावर सही करून सोबत पाठवतेय, नाव क्रिस्टाचं घाल. बाबांचा स्टीलचा थर्मास खुर्चीखालच्या पिशवीत आहे, तो आपल्या लेकीला, पॉलाला दे, आजोबांची आठवण तिलाच आहे. उशी स्टॅनला, त्याची कंबर तुझ्याआधीपासून दुखते. तुझ्या सहीची कार्यक्रमपत्रिका माझ्याकडेच राहील. आणि लोकरीची जाड शाल क्रिस्टाला दे. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगनंतर सरोवरावरून वारा येतो तो चौदा नंबरच्या बाजूनं. तुला तो कधी लागला नसेल, त्या बाजूला मी बसत होते.

तुझीच, सवयीनं,
मार्सेला