शांत नदीची सहल

आन्स मार्गो,
रविवार, ११ जानेवारी

प्रिय जोसेत,

तुझं पत्र परवा मिळालं. आम्ही सगळे बरे आहोत, माझा गुडघा तेवढा कुरकुरतो. तू नवऱ्याला आणि पोरांना घेऊन जहाजानं इथे येणार हे वाचून मी काउंटरवरच रडायला लागले, आणि रांगेतल्या बाईला वाटलं तिचंच तिकीट हरवलं. नऊ वर्षांनी येणार, तीही पाहुणीसारखी, सकाळी उतरून संध्याकाळी परत. असो. आमच्या वाट्याला तेवढं तर तेवढं.

पोरांसाठी कुठली सहल निवडू, असं विचारतेस. धक्क्यावर माझा धंदाच तो आहे. जहाजातून उतरलेले आईबाप माझ्यासमोर येतात आणि मी त्यांच्या लेकरांना झेपेल असं काहीतरी त्यांच्या गळ्यात मारते. लहान मुलांना चालेल अशा सहलीच्या पाटीवर आमच्या साहेबानं पिवळा मासा रंगवून ठेवलाय, म्हणजे माझं डोकं चालवायला नको. थियो सहाचा ना? मग काचेच्या तळाची होडी घ्या. पाय ओले न करता कासवं दिसतात. गरम पाण्याची कुंडंही आहेत, पण तिथल्या वासानं तुझी निकोल नाक मुरडेल. किल्ल्यावर जाऊ नका, तिथला वाटाड्या प्रत्येक तोफेमागे एक थाप मारतो. त्यापेक्षा दुपारी काळ्या वाळूवर या. मी नीरफणस भाजून आणीन आणि खारा मासा. तुझ्या नवऱ्याला तिखट सोसतं का, ते कळव.

नदीच्या सहलीचं पत्रक कोणी पाठवलं असेल तर बाजूला ठेव. डास फार आहेत.

पोरांना सांग, त्यांची मावशी, टांटी युलाली, वाट बघतेय.

तुझी,
युलाली

आन्स मार्गो,
रविवार, ८ फेब्रुवारी

प्रिय जोसेत,

अँसेल्मनं तुला पत्र लिहिलं हे मला तुझ्याच पत्रातून कळलं. आपला भाऊ माझ्यापासून दोन घरं पलीकडे राहतो, पण मला बोलला नाही. आईच्या मातीला तू येऊ शकली नाहीस तेव्हापासून त्यानं तुझं नाव टाकलं होतं. आणि आता म्हणे, "झालं गेलं विसरू, पोरांना त्यांचा मामा स्वतः नदीतून नेईल." हे वाक्य तू पत्रात जसंच्या तसं उतरवून पाठवलंस. किती रडलीस तेही लिहिलंस. मला आनंद झाला. म्हणजे, व्हायला हवा.

निकोलनं नदीचं पत्रक भिंतीला चिकटवलंय म्हणतेस. त्यात चित्र खरंच छान आहे. तुला आठवते ती नदी मात्र आता राहिली नाही. आपल्या लहानपणी तिच्या काठी गेलं तरी आई पाठीत धपाटा घालायची. टायरात हवा भरून तिच्यात उतरायचे ते फक्त दांडगे बाप्ये, तेही पैज लावून. गेल्या पावसाळ्यापासून ती बारीक झाली आहे. गुडघाभर पाणी. बायका हातानं कोळंब्या पकडतात. यंदा पाऊस कमी नाही, माझं छप्पर तीन ठिकाणी गळतंय, तरी नदी काही वाढत नाही. साहेब खूश आहे. अँसेल्म पाहुण्यांना टायरांवर बसवून नेतो त्या सहलीच्या पाटीवरही त्यानं पिवळा मासा काढला.

मी आयांना जळवांच्या गोष्टी सांगून तिकडून पळवून लावते. आपल्या बेटावर जळवा कुठे आल्या? परवा साहेबानं पकडलं. मी म्हटलं, चुकून बोलले.

बसवालेही पोरांना तिकडे न्यायला तयार नाहीत. सगळे वरच्या गावांतले आहेत. गाडी तापते, चाक बसलंय, रोज नवं कारण. तुला आपली माणसं माहीत आहेत. वादळानंतर जो म्हणेल डोह चांगला आहे, त्यानं आपल्या घरचं पोर आधी उतरवायचं, मग इतरांची उतरतात. अँसेल्मला तर मूलबाळ नाही.

कुठल्या कुठे गेले बघ. होडीचं बुकिंग मी करून ठेवते.

तुझी,
युलाली

आन्स मार्गो,
गुरुवार, २६ फेब्रुवारी

जोसेत,

हे पत्र टपालात टाकत नाही. पुढच्या आठवड्यात तुम्हाला आणणारं जहाज आज आमच्या धक्क्याला लागलंय. त्यात खोल्या आवरणारी मर्ल आपल्याच गावची. शनिवारी तू चढलीस की ती हे तुझ्या हातात देईल, एकटीच्या हातात. परवा मी फोन केला होता तो हेच सांगायला. पण तू इतकी आनंदात होतीस की मी केकची कृती विचारली आणि फोन ठेवून दिला.

रविवारी मी आईच्या अळूच्या वाफ्यांकडे गेले होते, वर डोंगरात. वाफे नाहीत. पावसाळ्यात समोरची अख्खी दरड नदीत उतरलीय आणि तिच्यामागे तळं साठलंय, हिरवंगार, या कड्यापासून त्या कड्यापर्यंत. झाडांचे नुसते शेंडे वर दिसतात. आपली नदी आटलेली नाही, ती वर कोंडली आहे. तिला अडवून धरलंय ते नुसत्या मातीनं, आणि त्या मातीतून जागोजाग पाणी पाझरतंय. मी फार वेळ थांबले नाही. मला भीती वाटली.

वरच्या गावांत सगळ्यांना ठाऊक आहे. खाली कोणी बोलत नाही, कारण हंगाम चालू आहे आणि घरटी एक माणूस धक्क्यावर पोट भरतो. मी साहेबाला सांगितलं. तो म्हणाला, ईस्टरनंतर राजधानीतून कोणीतरी बघायला येईल.

मग अँसेल्मकडे गेले. तो टायरांना ठिगळं लावत बसला होता.

"वर तळं झालंय," मी म्हटलं.

"माहीत आहे." त्याचा हात थांबला नाही. "इतके दिवस टिकलं ना? ईस्टरपर्यंत टिकेल. मग मीच बंद करीन."

"आणि नाही टिकलं तर?"

"तुझं तोंड कायम असंच. नदी जन्मात पहिल्यांदा शहाण्यासारखी वागतेय, तर तेही तुला बघवत नाही."

मी विचारलं, जोसेतला खरंच माफ केलंस का. त्यानं ठिगळावर फुंकर मारली.

"बसवाले म्हणतात, तुझ्या घरचं पोर आधी उतरव. मी कुठून आणू? तिला आहेत ना दोन."

जोसेत, हेच मला तुला सांगायचं नव्हतं. डासांबद्दल लिहिलं, जळवांबद्दल लिहिलं, हे लिहवलं नाही. त्या पत्रावर तू रडलीस, ते पत्र यासाठी होतं.

तो दुष्ट नाही गं. रोज स्वतः त्या पाण्यात उतरतो, शीळ घालत. काही होणार नाही असं त्यानं मनाला पटवून टाकलंय, आणि आता ते त्याला खरंच वाटतं. त्यानं तुझ्या पोरांसाठी छोटे सदरे शिवून घेतलेत, पाठीवर नावं घालून. ते दुकानात टांगलेत. बसवाले येतात, नावं वाचतात आणि मान डोलावतात. पुढच्या गुरुवारच्या बसगाड्या ठरल्या आहेत. थियो आणि निकोल पाण्यात उतरले की मागोमाग जहाजातली सगळी पोरं उतरतील. ते दोघं नाही आले, तर एकही बस नदीकडे वळणार नाही.

तेव्हा होडी विसर, काळी वाळूही विसर. जहाजातून उतरूच नका.

तू म्हणशील, मी उतरीन आणि त्याच्या तोंडावर नाही म्हणेन. नाही म्हणणार तू. लहानपणी त्यानं जरा तोंड वाकडं केलं की तू ताटातला मासा त्याला द्यायचीस. गुरुवारी तो धक्क्यावर दोन्ही हात पसरून उभा असेल, ते सदरे खांद्यावर टाकून. रडत असेल, आणि ते रडणं खोटं नसेल. नऊ वर्षांनी भाऊ असा समोर आला तर तू पोरांचे हात त्याच्या हातात देशील. तुझ्या जागी मी असते तरी दिले असते.

मला तुला एकदा कवटाळायचं होतं. तुझ्या पोरांना मी अजून हातसुद्धा लावलेला नाही. देव जाणे पुन्हा कधी तुम्ही इकडे फिरकाल.

गुरुवारी पोरांना जहाजाच्या कठड्याशी आण. मला त्यांचे चेहरे बघू दे. मी खाली अँसेल्मच्या शेजारी उभी असेन. तो हाका मारील. मीही हात हलवीन, हसेन, ये ये म्हणून खुणा करीन, कारण त्याच्या शेजारी उभी राहून मला दुसरं काही करता येणार नाही.

माझं ऐकू नकोस.

तुझीच,
युलाली