राजावर टाकलेलं वलं पोतं

मंगळवार, संध्याकाळ. सावेडी.

आज लेकाचं कुत्रं माझ्या हातनं मेलं असतं. भर दुपारी गच्चीवर कुरडया वाळत हुत्या. कावळे हाकलायला राजाला मीच वर नेला. तासाभरात लाळ गाळीत धापा टाकाय लागला. खाली आणून मी त्याच्या अंगावर वलं पोतं टाकलं. पोत्यानं माठ गार पडतो, मग कुत्रं का पडू नये? पर धाप वाढतच गेली. सुनेनं डॉक्टरला फोन लावला आन माझ्यावरच वरडली, "आई, ते पोतं आधी काढा! आत वाफ कोंडते म्हणतात. पोटाला, पायाला पाणी लावा आणि पंखा सोडा!"

पोतं काढलं, पोटाला, पायाला पाणी लावलं, पंखा सोडला. मग दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं. आता बरा हाय, झोपलाय.

मिरजगावला आमचा मोती रांजणाखालची वली माती उकरायचा आन तिथं पोट टेकून पडायचा. मालक मुद्दाम तांब्याभर पाणी तिथं सांडायचे. मी भांडायचे, "हिरीवरनं पाणी मी वाहती, आन तुमी कुत्र्याला सांडता?"

ते हसायचे. "त्यो पोटाकडनं गार व्हतो. तू कशानं व्हतीस ते अजून घावलं न्हाई."

इतकी वर्सं डोळ्यापुढं हुतं. पोट खाली, पाठ उघडी. बघितलं कुठं? भांडतच बसले.

मालकांचं म्हननं आज पयल्यांदा कबूल केलं, आन ऐकायला त्येच न्हाईत.