आधी ‘मंग?’ विचारणाऱ्या बाईंना

गुरुवार. दिवसभर ऊन होतं. शाळा सुटल्यावर एका मुलीची मुलाखतीची तयारी करून घेतली, घरी येऊन वरण-भात केला, जेवले.

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आज त्या मुलीमुळे तुम्ही आठवलात. ती माझी जुनी विद्यार्थिनी, कामठ्याची. नर्सिंग झालं आहे. उद्या नागपूरच्या एका दवाखान्यात मुलाखत आहे, तीही इंग्रजीत. नर्स का झालीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "माय मदर वॉज नॉट ईटिंग टॅब्लेट्स." ‘टेकिंग’ माझ्या ओठांवर आलंच होतं. इथे अशा चुकीला कोणी हसत नाही, कारण आपण सगळेच गोळी खातो. नागपूरला हसतील, हीच तिची धास्ती.

पण मी थांबले. सहावीत असताना मी वर्गात उभी राहून "आय सॉ अ ड्रीम" म्हटलं होतं. माझा भाऊ बोदलकशाच्या तलावात बुडतो आहे, असं ते स्वप्न. तुम्ही डस्टर खाली ठेवता. "मंग? निघाला का भाऊ बाहेर?" "निघाला, बाई." "बरं झालं. आता आइक. सपन आपण पाहतो, इंग्रज लोक ‘हॅव’ करतेत." माझा चेहरा पडतो. "कायले रडून राहिली? तू का इंग्रजाच्या घरी जन्मली? मराठी पहिले येईनच." आधी माणसाचं ऐकायचं, शब्द नंतर. हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत, नुसतं करत राहिलात.

"मंग? आई घेते का गोळ्या आता?" मी तुमच्याच सुरात विचारलं.

"खाते, मॅडम. मी समोर बसून राहते तवा."

मग आम्ही ‘टेक’ घोटून घेतलं. निघताना ती म्हणाली, "तिथं घाबरून ईटच निघालं तं?"

"निघू दे. थांबू नको. आईचं पूर्ण सांग."

हे बरोबर सांगितलं का, ते तुम्हाला विचारायचं होतं. समोर नुसते शब्द ऐकणारे बसले असतील, तर हाताशी आलेली नोकरी जाईल तिची. पण हे पत्र टाकू कुठे?

एक सांगते, बाई. माझी स्वतःची बीपीची गोळी बरेचदा राहून जाते. समोर बसणारं कोणी नाही. आजचीही पाकिटातच आहे. उठते, माठातलं पाणी घेते आणि खाते.