काकांच्या शोकेससाठी एक चेहरा

४ मार्च, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. मोठे कलाकार लिहितात असं कुठेतरी वाचलंय. पूर्ण वाचलं नाही, मध्येच फोन आला.

परिस्थिती अशी. ताईकडे राहतोय. आधी बेकरीची व्हॅन चालवली, मग मोबाइल रिपेरिंग शिकलो (निम्मं), मग गिटार. आता फोटोग्राफी. ही कायमची. कॅमेरा सेकंडहँड आहे, नजर नवी आहे. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत कामाला लागलोय. तिथे पासपोर्ट साइज निघतात. मला पोर्ट्रेट काढायचेत. माणसाचा आतला चेहरा.

स्टुडिओवाल्या काकांना म्हटलं, शोकेस बदला. त्यात टॉवेलवर पालथं पडलेलं एक बाळ आहे. त्या बाळाला आता दाढी आहे, परवाच लायसन्सचा फोटो काढून गेलं. काका म्हणाले, लावण्यासारखं काहीतरी आण, लावतो.

हे ताईला सांगितलं. ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यातल्या रविवारपर्यंत तुझा फोटो त्या शोकेसमध्ये दिसला तर मानीन की हे काम आहे. नाहीतर सोमवारी मुकाट्याने मामांच्या गोडाऊनवर जायचं." मामांचं टाइल्सचं गोडाऊन आहे. एकदा आत गेलेला माणूस पन्नाशीतच बाहेर येतो. हो म्हणून टाकलं. एवढा वेळ लागणारच नाही.

५ मार्च, मंगळवार, दुपार

पद्धत ठरली. कॅमेरा दिसला की लोक खोटा चेहरा लावतात. तो गळून पडेपर्यंत त्यांना कंटाळवायचं. स्टूल, एका बाजूने एकच दिवा, आणि बोलायचं नाही. हसलेलं अजिबात चालणार नाही. कंटाळ्याच्या पलीकडे खरा माणूस असतो.

शेजारच्या टेलरमास्तरांना बसवलं. ते कंटाळ्याच्या पलीकडे गेले, पण तिथे झोप होती. तसाच काढला. मास्तरांनी बराच वेळ बघितला आणि विचारलं, "हा मी गेल्यानंतरचा आहे का?"

एकूणच रसिकता कमी.

७ मार्च, गुरुवार

काल लिहिलं नाही. लेन्स पुसायचं कापड आणायला निघालो होतो. वाटेत एक जण जुनी सायकल विकत होता, ती चालवून बघितली. बरीच लांब गेली. कापड राहिलं.

आज काका जेवायला गेलेले असताना चष्म्याच्या दुकानातले साहेब आले. पासपोर्टचा फोटो हवा होता. संधी सोडली नाही. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात. संध्याकाळी साहेब पासपोर्ट ऑफिसातून तसेच परत. तिथे त्यांना विचारलं म्हणे, तुम्ही उरलेले कुठे आहात? काकांनी नवा काढून दिला, वर माफी मागितली. माझ्या फोटोबद्दल. मला न विचारता.

९ मार्च, शनिवार

भावजींना बसवलं. सज्जन माणूस, बस म्हटलं की बसतात. गप्प मात्र बसत नाहीत. "हसू का?" नको म्हटलं. "मग पोट आत घेऊ?" पोट फ्रेममध्ये नाही म्हटलं. तरी घेतलं. श्वास रोखल्यामुळे मधमाशी चावल्यासारखा चेहरा आला. भावजी म्हणाले, "चांगला आहे. तुझ्या ताईला दाखवू नकोस."

अजून भरपूर वेळ आहे.

१२ मार्च, मंगळवार

दोष माणसांचा आहे, पद्धतीचा नाही. आज स्टुडिओच्या पायरीवरचं मांजर इतकं अप्रतिम कंटाळलं होतं की अर्धा दिवस त्याच्यावरच गेला. काकांना दाखवलं. म्हणाले, "छान. मांजर फोटो काढून घ्यायला येणार आहे का?"

व्यापारी दृष्टी.

१४ मार्च, गुरुवार, सकाळ

ताई! घरातच होती आणि सुचलं नाही.

दवाखान्यातली रात्रपाळी करून आत्ताच आली. स्वयंपाकघरात स्टूल ठेवलं, खिडकीचा एका बाजूचा उजेड. म्हणाली, "निदान तोंड तरी धुऊ दे." नको म्हटलं. "केसांवरून कंगवा?" नको. "तुझ्यासाठी बसतेय हां, लवकर आटप, डोळे मिटतायत." मी आटपलं नाही. थांबलो. आणि आलाच तो. डोळ्यांखालचं काळं, कपाळावरची आठी, ओठांच्या कडेची ओढ, सगळं. अंगावर काटा आला.

फोटो दाखव म्हणालीसुद्धा नाही. झोपायला गेली.

मामांचा विषय संपला.

१५ मार्च, शुक्रवार

काकांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. म्हणाले, "असाच शोधत होतो मी. वापरला तर चालेल?" मी म्हटलं, वापरा. "थोडं काम करावं लागेल." म्हटलं, करा, फ्रेम तुमच्या आवडीची. रविवारी सकाळी लावतो म्हणाले. या माणसाला मी कमी लेखलं होतं.

ताईला सांगितलं, रविवारी तयार राहा, तू शोकेसमध्ये लागतेयस. "काहीतरीच," म्हणाली. पण निळा ड्रेस इस्त्रीला काढलाय. मी बघितलं.

१७ मार्च, रविवार

शांतपणे लिहायचं ठरवलंय.

बाळ गेलं. त्याच्या जागी दोन ताया. डावीकडे माझा फोटो, जसाच्या तसा. खाली पाटी: आधी. उजवीकडे तोच फोटो, पण डोळ्यांखालचं काळं पुसलेलं, आठी गायब, केस दुप्पट, गाल गुलाबी. काकांनी कुठूनतरी थोडं हसूही आणून बसवलंय. खाली पाटी: नंतर. वर मोठ्या अक्षरांत, थकलेल्या फोटोंना नवा तजेला, आत चौकशी करा.

भावजी म्हणाले, "एकाच्या ऐवजी दोन लागले की." त्यांचा हेतू चांगला असतो.

ताई निळ्या ड्रेसमध्ये काचेसमोर उभी. मी म्हटलं, तसं बघितलं तर अट पूर्ण झालीय. ती वळली नाही. काचेकडेच बघत म्हणाली, "मी अशी दिसते ते मला माहीत आहे रे. सगळ्या रस्त्याला कशाला सांगितलंस?"

मी काचेवरचा बोटांचा डाग बाहीने पुसला.

काका ओशाळून बाहेर आले. तुमची परवानगी घेतलीय असं तुमच्या भावाने सांगितलं, म्हणाले (मी तसं सांगितलं नव्हतं, नुसतं वापरा म्हटलं होतं). आत्ता काढतो, म्हणाले. ताई म्हणाली, "राहू द्या आता. ज्यांनी बघायचं त्यांनी बघितलं. मला ती उजवीकडची मोठी करून द्या, हॉलमध्ये लावायला."

घरी येताना तिने मामांना फोन केला. मी ऐकत होतो, थांबवलं नाही.

१८ मार्च, सोमवार, सकाळ

गोडाऊनची बस नेमकी स्टुडिओसमोरून मिळते. डबा घेऊन उभा होतो. एक बाई रस्त्याने चालली होती, शोकेसपाशी थबकली. बराच वेळ बघत राहिली, मग आत गेली. काचेतून दिसत होतं. काकांनी काहीतरी विचारलं. तिने बोट उजवीकडच्या फोटोकडे केलं.

पण थबकली ती डावीकडच्यापाशी. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

काकांना जाऊन सांगणार होतो. बस आली.